मालकाला मुलाखत द्यावी लागत नाही

वाद घालणारे दोघे नात्यानं मामा-भाची. मामा कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पर्सोनेल खात्यात होते. निवृत्त होईपर्यंत खात्याच्या दारावरची पाटी बदलून 'एचआर' झाली, काम तेच राहिलं. भाची राजारामपुरीत इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवते. आपण काय शिकलो, काय काम करतो, पुढे काय करायचं आहे, एवढं इंग्रजीत न अडखळता सांगता यावं म्हणून तिच्याकडे आयटीआयची, डिप्लोमाची आणि नर्सिंगची मुलंमुली येतात. मामांच्या मते हा पोरांना खोटं बोलायला शिकवण्याचा धंदा आहे. भाचीच्या मते मामांचं मराठीप्रेम फंडाच्या व्याजावर पोसलेलं आहे.

हा वाद एका बैठकीत झालेला नाही. सणावारी, लग्नाकार्यात, एकदा तर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना तो तुकड्यातुकड्यानं माझ्या कानावर पडला. इथे सलग लावला आहे. मध्ये मध्ये मी बोलणार आहे, आणि माझा कल कुठे आहे तो लपवणार नाही.

मामा: तुझ्या क्लासची पोरं मी लांबून ओळखतो. एका कॉलेजात मला सरावाच्या मुलाखती घ्यायला बोलावलं होतं. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हणायचा अवकाश, सुरू. 'आय ॲम हार्डवर्किंग. आय ॲम अ टीम प्लेअर.' वीकनेस काय म्हणून विचारलं की, 'आय ॲम अ परफेक्शनिस्ट.' ओळीनं सगळे परफेक्शनिस्ट! त्यातल्या एकाच्या अर्जावर स्वतःची जन्मतारीख चुकलेली.

भाची: मुलगी बघायला आलेले लोक 'स्वयंपाक येतो का' म्हणून विचारतात. 'नाही येत' असं कधी कुणी म्हटलंय का? प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं. पोहे खाता खाता मंडळी बघत असतात ते वेगळंच. तुम्ही काय बघत होता ते सांगा.

मामा: कामाचं काही बाहेर पडतंय का ते बघत होतो. एकाच्याही तोंडून पडेना. मग एका पोराला म्हटलं, बाबा, मराठीत सांग, ट्रेनिंगला कारखान्यात काय केलंस? तर गडी वाळूवर सुरू झाला. साच्याच्या वाळूत ओल किती लागते, तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास असली की साचा कसा धरतो, त्याच्यावर गेली की ओतलेल्या रसानं वाफ कशी होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल कसे राहतात. त्यांचा म्हातारा मोल्डर वाळू मुठीत दाबतो, मुटका मोडून बघतो आणि ओल सांगतो. लॅबच्या मीटरचा आकडा त्याच्या जवळपासच येतो. हे त्यानं स्वतः ताडून बघितलेलं! मला थांबवावं लागलं त्याला.

भाची: मार्क किती दिलेत?

मामा: कशाचे?

भाची: कम्युनिकेशनचे. फॉर्मवर रकाना असतो.

मामा: दहापैकी तीन. तो रकाना इंग्रजीचा होता ना.

भाची: झालं तर! पोराला वाळू कळते हे तुम्हाला कळलं, आणि दिलेत तीन. मी शिकवते ती इंग्रजी त्या रकान्यासाठी. रकाना मी छापलेला नाही.

तो कुणी छापला हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं. ऑक्टोबर १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ठराव केला की सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावं. इंग्रजीचा गाजावाजा शास्त्रं आणि साहित्य यांच्या नावानं झाला असेल, पण आपल्या घराघरात ती शिरली नोकरीच्या दारानं. त्याच दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठं भांडण पेटलं. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांना इंग्रजीतून, थोड्यांना, वरच्या दर्जाचं शिक्षण द्यायचं होतं. लष्करी अभियंता जॉर्ज जर्व्हिस आडवे आले. त्यांनी पूर्वी गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती. जगन्नाथ शंकरशेट त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि ज्ञान लोकांपर्यंत न्यायचं असेल तर ते लोकांच्याच भाषेतून जाईल असं ठासून म्हणाले. देशी भाषांची ही वकिलीसुद्धा बोर्डापुढे इंग्रजीतच मांडावी लागली. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाना शंकरशेटांना नोकरी नको होती, म्हणून खरं बोलता आलं." स्वतःच्याच बाजूला त्यांनी तिथं सुरुंग लावला, आणि भाचीनं तो पुढे बरोबर उडवला.

मामा: इंग्रजीवाचून धंदे अडले होते का गं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला माळावर कारखाना आणला. नांगर खपवायचे होते शेतकऱ्याला, तर त्याच्याशी मराठीत बोलले. १९२० ला 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं, कारखान्याचं मासिक, मराठीत. आणि आपल्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवला. विकत नाही आणला, घडवला! त्याच्यावर 'सैरंध्री' काढला. मिस्त्री माणसं सगळी. त्यांना कुणी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' विचारलं नाही.

भाची: विचारणार कोण? मालक होते ते. मालकाला मुलाखत द्यावी लागत नाही, मामा. आणि लक्ष्मणराव त्याच्या आधी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, हे का गाळता? बढतीच्या वेळी त्यांना डावललं, म्हणून बाहेर पडले. म्हणजे इंग्रजी येऊनही डावलले गेले, हा मुद्दा तुम्ही मांडायला हवा होता. मी तुमच्या जागी असते तर मांडला असता.

मामा: मग मांडला असं धर.

भाची: धरला. पण माझ्याकडे येतात त्यांच्या बापाकडे माळही नाही आणि लेथही नाही. त्यांना दुसऱ्याच्या दारात उभं राहायचंय. दार ज्या भाषेत उघडतं ती मी शिकवते.

मामा: दार उघडणारा कोल्हापूरचाच असतो की! मी स्वतः उघडत होतो. दोन्हीकडं मराठी माणसं, आणि मधे इंग्रजी कशाला?

भाची: सांगू? राग मानू नका. मराठीत मुलाखत झाली की पहिलं विचारतात, गाव कुठलं? मग, वडील काय करतात? आणि चहा आला की हळूच, पाहुणे कुठले तुमचे? हे शेवटचं कशासाठी विचारतात ते तुम्हालाही माहीत आहे. माझी एक विद्यार्थिनी आहे. 'वडील काय करतात' याचं उत्तर तिनं मराठीत दिलं की खोलीतली हवा बदलते, असं ती म्हणते. इंग्रजीत तिला 'व्हॉट डू यू डू' विचारतात. तिथं निदान बाप मधे येत नाही.

मामा: आडनाव बायोडेटावर असतंच.

भाची: असतं. पण त्यावर बोलावं लागत नाही.

मामा: आणि इंग्रजी काय कमी चौकशी करते? 'स्कूलिंग कुठं झालं' हे आमच्या पुण्याच्या साहेबाचं आवडतं वाक्य. पोरानं तोंड उघडलं की झेडपीचं आहे का कॉन्व्हेंटचं, त्याला तिथंच कळायचं.

भाची: उच्चार मी काही महिन्यांत सुधारते. आडनाव सुधारता येत नाही.

यावर मामा काही बोलले नाहीत. पानाचा डबा उघडला. मलाही यावर उत्तर सापडलेलं नाही. मराठीतून कामाबद्दल बोलावं असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी आधी मराठीतली मुलाखत कशी चालते ते बघायला हवं. शॉपवर इंजिनिअरला 'साहेब' आणि त्याच्या बापाच्या वयाच्या ऑपरेटरला 'ए, इकडं ये' ऐकू येतं. ज्याला आयुष्यभर 'ए' ऐकावं लागलं, त्याला 'यू' सोयीचं वाटलं तर त्यात भाषाद्रोह कसला?

भाची: सावित्रीबाईंच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून कविता आहे. १८५४ सालची. जोतीरावांनी 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना जोडली. आणि हंटर आयोगाला १८८२ मध्ये निवेदन दिलं, तेही इंग्रजीत.

मामा: निवेदनात मागितलं काय, तेही वाच. निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण. मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, शेतीची माहिती असावी. खेड्यातल्या पोराला शहाणं करायचं ते त्याच्या भाषेत, असंच म्हणाले ना?

भाची: मागणी मराठीची, अर्ज इंग्रजीत. ज्याच्याकडे मागायचं त्याला कळेल त्या भाषेत मागायचं. माझा क्लास तरी दुसरं काय शिकवतो?

मामा: तुझी पोरं मागत कुठं आहेत? ती स्वतःला विकताहेत. फुल्यांनी 'आय ॲम हार्डवर्किंग' लिहिलं नव्हतं.

दोघांपैकी कुणी जिंकलं असेल तर इथे मामा जिंकले, असं मला वाटतं. मागणं आणि आपली जाहिरात करणं यात अंतर आहे, आणि क्लासच्या छापील उत्तरांत ते पुसलं जातं. पण भाची दुसऱ्याच बाजूनं आली.

भाची: जाहिरात नको, तर काय करायचं? आपल्या मुलांना मराठीत स्वतःबद्दल बोलताच येत नाही. प्रोजेक्ट कुणी केला म्हणून विचारलं की, 'सरांनी करून घेतला.' ज्या मुलीनं रात्र रात्र बसून जिगचं ड्रॉइंग काढलं तीही म्हणते, 'आमच्या ग्रुपनं केलं.' लहानपणापासून शिकवलेलं, मी मी करायचं नाही.

मामा: बरोबरच शिकवलंय. समर्थांनी मूर्खाच्या लक्षणांत आत्मस्तुती घातली आहे.

भाची: समर्थांना कॅम्पस इंटरव्ह्यू द्यायचा नव्हता. इंग्रजीत 'आय डिझाइन्ड द जिग' म्हणताना तिला लाज वाटत नाही. परकी भाषा, परकी लाज. आणि एकदा तिथं मोठ्यानं म्हणून झालं की घरी मराठीतही म्हणता येतं. घरी 'मला टूलरूममध्येच काम करायचंय' म्हटलं की आई म्हणते, बघू पुढं, सासर कसं मिळतंय त्यावर. क्लासमध्ये 'व्हाय डिड यू चूज धिस करिअर' हा प्रश्न मी तिला रोज विचारते. तिच्या घरात तो प्रश्न कुणीच विचारलेला नाही, मामा. कधीच नाही. निवड तिची आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मामा: आणि उत्तर काय देते?

भाची: आधी 'आय ॲम पॅशनेट अबाउट' असलं काहीतरी. महिन्याभरानं म्हणाली, मला डायवर डायल लावून काटा शून्यावर आलेला बघायला आवडतं. हे मराठीत म्हणाली. मग आम्ही दोघींनी मिळून इंग्रजी केलं.

मामा: म्हणजे आधी मराठीत सापडलं!

भाची: विचारल्यामुळं सापडलं.

माझा या बाबतीत भाचीइतका विश्वास नाही. वाक्य म्हणता आलं म्हणून आईचं मन बदलत नाही, पहिला पगार घरात आला की बदलतं. पण प्रश्न विचारला जाणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्याकडे करिअर निवडण्याचं बोलणं बहुतेक घरांत मुलाच्या डोक्यावरून होतं: चुलता बोलतो, शेजारचे मास्तर बोलतात, टक्के किती पडले ते बोलतं. मूल स्वतः बोलतं ते थेट मुलाखतीच्या खोलीत, आणि तिथली भाषा त्याची नसते.

मग विषय नर्सिंगच्या मुलींकडे वळला, आणि मामांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

भाची: माझ्याकडे दोन तऱ्हेची इंग्रजी चालते. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये बोलण्याला सात बँड लागतात. नऊपैकी सात. ते बोलणं अकरा ते चौदा मिनिटांचं. सुरुवातीला काम करता की शिकता, काम आवडतं का, असलंच काहीतरी येतं. मधे एक विषय देतात, एक मिनिट विचार करायचा, दोन मिनिटं बोलायचं. तिथं पाठांतर चालवून नेणाऱ्या मुली असतात. पण दुसरी एक परीक्षा आहे, ओईटी. दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीचीच. त्यात समोर बसलेला पेशंट होतो, किंवा पेशंटचा नातेवाईक. मुलीच्या हातात कार्ड: याला मधुमेह आहे, पायाची जखम भरत नाही, घरी ड्रेसिंग कसं करायचं ते समजावा, तो घाबरलाय, त्याला धीर द्या. पाच मिनिटं. असे दोन प्रसंग.

मामा: आणि त्यात 'हार्डवर्किंग'?

भाची: म्हटलं तर मार्क जातील. पेशंटला काय करायचंय ते ऐकून?

मामा: ही परीक्षा मला पटली बघ. नर्सला नर्सचंच काम बोलून दाखवायला लावतात. परक्या देशात जायचं, परका पेशंट, त्याची भाषा आलीच पाहिजे. कुणाची ना नाही. जर्मनीचंही तसंच. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, कुशल माणसं पाठवायची म्हणून. नर्स म्हणून तिथं मान्यता हवी तर जर्मन साधारण बी-टू पातळीची लागते. जर्मन शिका म्हणतात ते पेशंट जर्मन बोलतो म्हणून. शिरोलीतली वाळू कोणती भाषा बोलते?

भाची: वाळू नाही बोलत. गिऱ्हाईक बोलतं.

मामा: कलेक्टरचं गिऱ्हाईक कोण मग? १९७९ पासून यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत देता येते, मुलाखतसुद्धा मराठीत देता येते. दुभाष्या बसतो. जिल्हा सांभाळायला मराठीत निवडलेला माणूस चालतो, आणि फेटलिंगच्या सुपरवायझरला 'ग्रुप डिस्कशन' इंग्रजीत?

भाची: हे मात्र चांगलं बोललात. मला याच्यावर उत्तर नाही. पण तुमच्या साहेबालाही नव्हतं, आणि तरी त्यानं पोरं इंग्रजीतच निवडली. एआयसीटीईनं २०२१ मध्ये देशी भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, पुण्याच्या बाजूला मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही निघाला. मुलं मराठीत शिकतील. पण कंपनी कॉलेजात आली की तिचा फॉर्म तोच असणार, रकानाही तोच.

गिऱ्हाईक बोलतं, हे भाचीचं वाक्य मामांच्या मनात राहिलं असावं, कारण पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःहून एक गोष्ट काढली. कारखान्याचं नाव मी देत नाही. असं कुठल्याही फाउंड्रीत घडू शकतं.

मामा: गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐक. मोठ्या गाडी कंपनीकडनं एक लॉट परत आला. मशिनिंग केल्यावर ब्लो होल उघडे पडले. असा माल परत आला की गिऱ्हाइकाला एट-डी रिपोर्ट द्यावा लागतो. आठ पायऱ्या असतात. माल का बिघडला, मूळ कारण काय, परत होऊ नये म्हणून काय केलं. ही पद्धत मूळ फोर्डची, आता सगळ्या गाडीवाल्यांना लागते. तर मीटिंग बसली. म्हाताऱ्या मोल्डरला बोलावलं. त्यानं सांगितलं, वाळू मिसळायच्या मशीनचा पाण्याचा व्हॉल्व्ह गळतोय. दोनदा रजिस्टरात लिहून दिलंय. नवा आणत नाहीत. रात्रपाळीला वाळू ओली होते, मी म्हणतो थांबा, तर म्हणतात, डिस्पॅच आहे, चालू दे. सगळं स्पष्ट, मराठीत, पाचसहा जणांच्या समोर.

भाची: मग?

मामा: मग इंजिनिअरनं रिपोर्ट केला. पोरगा चांगला होता, इंग्रजी सफाईदार. मूळ कारण काय लिहिलं? 'ऑपरेटर डिड नॉट चेक सॅण्ड मॉइश्चर.' उपाय काय? 'ऑपरेटर काउन्सेल्ड अँड ट्रेनिंग गिव्हन.' ट्रेनिंगचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून हजेरीच्या कागदावर म्हाताऱ्याची सही घेतली. त्यानं केली सही. त्याला वाटलं ओव्हरटाइमचा कागद आहे.

भाची: व्हॉल्व्ह?

मामा: व्हॉल्व्हचं नाव नाही. व्हॉल्व्ह लिहिला तर मेंटेनन्सचा साहेब अडकतो. परचेसचा साहेब अडकतो. डिस्पॅचसाठी फोन करणारा तर सगळ्यात मोठा. ते सगळे रिपोर्ट वाचू शकतात. त्या खोलीत रिपोर्ट न वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि दोष त्याच्या नावावर गेला. कागद माझ्याकडे आला, त्याच्या पर्सनल फाइलला लागला.

भाची: म्हणून तर म्हणते, त्याला इंग्रजी यायला पाहिजे होती!

मामा: आणि मी म्हणतो रिपोर्ट मराठीत व्हायला पाहिजे होता. पन्नाशीच्या मोल्डरला तू इंग्रजी कधी शिकवणार? आमच्या वेळच्या कायद्यात होतं, १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्सच्या कायद्यात आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये पण. नियमांच्या पाट्या इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावायच्या. मी स्वतः लावून घेतल्यात. म्हणजे गैरवर्तन कशाला म्हणतात ते मराठीत वाचायला मिळायचं, आणि तू ते केलंस असं लिहिलेला कागद इंग्रजीत!

भाची: नेमणूकपत्रही इंग्रजीत. माझी मुलं वाचून घ्यायला आणतात. सीटीसीचा आकडा बघून पेढे वाटून येतात. मी बसवून दाखवते की यात मालकानं भरायचा फंड धरलाय, ग्रॅच्युइटीचे बेसिकवर ४.८१ टक्के धरलेत, हातात हे येणार नाहीत. नोटीस पिरियड तुझा किती आणि त्यांचा किती ते बघ. बॉण्ड कितीचा आहे ते बघ. एकाचं तोंड एवढंसं झालं. आधी पेढा खाल्ला असता तर बरं झालं असतं.

इथे मला दोघांना थांबवून एक म्हणायचं होतं, म्हटलंही. नोकरी मिळवण्याची इंग्रजी आणि नोकरी करताना लागणारी इंग्रजी या दोन वेगळ्या आहेत. पहिलीत माणूस स्वतःबद्दल बोलतो, दुसरीत व्हॉल्व्हबद्दल. पहिलीचे क्लास गल्लोगल्ली आहेत. दुसरी कुणी शिकवत नाही आणि मुलाखतीत तिची परीक्षाही होत नाही, म्हणून 'हार्डवर्किंग' म्हणत आत आलेला तो सफाईदार पोरगा वेळ येताच 'ऑपरेटर काउन्सेल्ड' लिहितो. त्याला कामाबद्दल खरं बोलण्याची सवयच लागलेली नसते, इंग्रजीत तर नाहीच. मामांना वाटतं रोग इंग्रजीचा आहे. मला तसं वाटत नाही. साहेबाला वाचवणारा रिपोर्ट मराठीतही उत्तम लिहिता येतो, हे सरकारी चौकशी अहवाल वाचणाऱ्याला सांगायला नको. पण मराठीत लिहिला असता तर तो त्या म्हाताऱ्यानं सही करण्याआधी वाचला असता.

भाची: मग असं करता येईल. मूळ कारण आधी मराठीत लिहायचं. शॉपवर वाचून दाखवायचं. मोल्डरची सही त्या कागदावर घ्यायची. मग त्याची इंग्रजी करायची आणि गिऱ्हाइकाला पाठवायची. त्याला काय, त्याला इंग्रजीशी मतलब.

मामा: इंग्रजी करणार कोण?

भाची: डिप्लोमाची पोरं. ती मी तयार करते. ओईटीत पेशंटचं कार्ड असतं तसं रिजेक्शनचं कार्ड करायचं. हे कास्टिंग, हे भोक, हा मोल्डर असं असं म्हणतोय. पाच मिनिटांत गिऱ्हाइकाला समजावून सांग, आणि मोल्डर म्हणाला त्यातलं काही गाळायचं नाही.

मामा: हे कर की मग! कुणी अडवलंय?

भाची: फी कोण देणार? पालक पैसे मोजतात ते मुलाखत निघावी म्हणून. वाळूच्या इंग्रजीला कोण देतं? 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' बंद केलं तर पुढच्या बॅचला क्लास रिकामा. आणि खरं सांगू, बंद करणार पण नाही. रकाना आहे तोवर माझ्या पोरांनी त्यात तीन का घ्यावेत?

मामा: घेऊ देत दहा. पण दहा घेऊन आत गेल्यावर बोलायला काहीतरी असू दे. फी कारखान्यानं द्यावी. एक लॉट परत आला तर ट्रकभाडं किती जातं, मशिनिंगचा डेबिट किती येतो, मला माहीत आहे. त्याच्यापुढं तुझी फी काय?

भाची: विचारून बघा तुमच्या जुन्या मालकांना.

मामा: विचारतो. अर्जच करतो.

भाची: मराठीत करा. मालक मराठीच आहेत ना?

मामा: म्हातारे मराठीच. पण सह्या आता धाकटा करतो, तो बाहेर शिकून आलाय. त्याच्या टेबलावर मराठी कागद गेला की आठवडाभर तसाच पडतो. मजकूर मी सांगतो, इंग्रजी तू कर.